पलीकडची कड

पत्र, थोडक्यात: पत्रलेखकांचं वय ३४, राहणार बडोदा, कारेलीबाग. नोकरी मकरपुऱ्यात, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. यांची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल आहे, स्पोकची चाकं, ट्यूबवाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा ती दोन दिवस पाण्यात उभी होती. गेल्या वर्षी पुढचा टायर दुकानात बदलून घेतला, तर रिमवर हातोडीचे आणि टॉमीचे (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीचे) ओरखडे आले. तेव्हाच यांनी ठरवलं की मागचा टायर घरी, स्वतःच्या हाताने बदलायचा. व्हिडिओ पाहिले, साडेआठशे रुपयांच्या टॉम्या मागवल्या आणि एका रविवारी अंगणात बसले. तीन तास गेले, दोन ट्यूब कापल्या. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले वडील खुर्चीत बसून बघत होते. शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले, 'आमच्या वेळी अहमदाबादच्या रस्त्यावर पंधरा मिनिटांत चाक बदलून पुढे निघायचो. यांचे हात फक्त कीबोर्डचे.' पत्नी म्हणते, कोपऱ्यावर पंक्चरवाला बसलाय, त्याला द्या की. नवा टायर तीन आठवडे गॅलरीत पडून आहे. महिनाअखेरीला दोघांना गाडीवरून केवडियाला जायचं आहे. ते विचारतात: 'पुन्हा प्रयत्न करू की हार मानू? माझ्यात ताकद कमी पडते का? की हे काम आपल्यासारख्यांचं नाहीच?'

उत्तर

दोन्ही ट्यूब टायर बसवताना कापल्या गेल्या. त्याही अगदी शेवटच्या वीतभर कडेपाशी, जिथे तुम्ही दात-ओठ खाऊन टॉमीवर सगळं अंग टाकलंत. बरोबर ना? पत्रात यातलं काहीच नाही, आणि मी पत्रिका बघत नाही. रावपुऱ्यात आमचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. सासऱ्यांनंतर नवऱ्याने ते चालवलं आणि गल्ल्यावर बावीस वर्षं मी बसले. रविवारी घरी हौस करून सोमवारी सकाळी कापलेली ट्यूब पिशवीतून आणणारे आमच्याकडे बरेच येत. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. 'तुमची ट्यूबच कच्ची निघाली,' असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणायचा. नवरा मुकाट्याने नवी काढून द्यायचा, तिचे पैसे मात्र घ्यायचा.

तुम्ही निदान ट्यूबला बोल लावला नाहीत. स्वतःला लावलात, आणि माझ्या मते तोही चुकीच्या ठिकाणी.

ताकदीचं आधी संपवू. आमच्या दुकानाशेजारी टायर बसवणारे एक काका होते. अंगाने काडी. दोन टॉम्या आणि साबणाच्या पाण्याचा डबा, एवढंच भांडवल. धिप्पाड पोरं घाम गाळून दमली की चाक त्यांच्यापुढे यायचं, आणि काका विडी न विझवता टायर चढवायचे. एकदा मी विचारलं, एवढा जोर आणता कुठून? म्हणाले, 'बेन, जोर नथी करवानुं, जग्या करवानी छे.' जोर नाही करायचा, जागा करायची.

ही जागा कुठली, ते तुमच्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं असेल, पण ते ऐकू येण्यासारखं सांगितलं नसावं. टायरच्या कडेत पोलादी तार असते. गॅरेजात त्या कडेला बीड म्हणतात. ही तार ताणली जात नाही. ती ताणली गेली असती तर वेगात टायर रिमवरून उतरला असता. म्हणजे कडेचं वर्तुळ कायम तेवढंच राहणार, आणि ते रिमच्या बाहेरच्या ओठापेक्षा लहान. लहान बांगडी मोठ्या मनगटावर चढवायची असली की कासारीण काय करते? हात दाबून बारीक करते, बांगडी ओढत बसत नाही. इथेही तेच. रिमच्या मध्यभागी, जिथे स्पोकची डोकी असतात, तिथे गोल फिरलेली एक खोलगट घळ असते. टायरची एक बाजू त्या घळीत उतरली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते, आणि त्या ढिलावर कड ओठावरून सहज सरकते. टॉमी तुमच्या हातात असते, पण काम चाललेलं असतं पलीकडच्या बाजूला.

तुमचं काय झालं असेल, ते मला इथे बसून दिसतं. टॉमीने थोडी कड चढली, मग आणखी थोडी, तुम्ही उत्साहाने पुढे सरकत गेलात. तेवढ्यात पलीकडची कड घळीतून निसटली आणि वर येऊन रिमच्या ओठाला चिकटली. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. इकडे शेवटची वीतभर कड चढेना. मग जोर. टॉमीचं टोक खोल आत गेलं, टोक आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब सापडली, आणि वडिलांना बोलायला निमित्त मिळालं.

तेव्हा टॉमी जड लागली की थांबायचं आणि पलीकडे बघायचं. तिथली कड गुडघ्यांनी दाबून पुन्हा घळीत उतरवायची, आणि दोन्ही हातांनी टायर आवळत आवळत तिथून आपल्याकडे यायचं, म्हणजे मिळालेली ढील सगळी आपल्यासमोर गोळा होते. टॉमीचा घास लहान घ्यायचा, दोन-तीन बोटांचा. टायर चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी, कारण व्हॉल्व्ह असतो तिथे ट्यूब घळ अडवून बसते, कड खाली उतरतच नाही. काढताना उलट, सुरुवात व्हॉल्व्हपासून. ट्यूबमध्ये गोल आकार येईल इतपत हवा भरून घ्या. रिकामी, लोंबती ट्यूब टॉमीखाली येणारच. शेवटचा भाग चढवण्याआधी व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलून बघा. तो मोकळा वर-खाली झाला तर ट्यूब कडेखाली अडकलेली नाही.

साबणाचं पाणी दोन्ही कडांना सढळ हाताने लावा. ऑइल, ग्रीस, डिझेल यांतलं काही नको. रबराचं नुकसान होतंच, शिवाय कड बुळबुळीत राहिली तर ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. साबणाचं पाणी काम झाल्यावर सुकून जातं. ट्यूबला टाल्कम पावडर चोळा. आम्ही फ्रेंच चॉकच्या पुड्या विकायचो. बाळाची पावडरही चालते, फक्त घरात विचारून घ्या. आणि टायर अर्धा तास गच्चीवर उन्हात टाका, नरम पडतो. बडोद्याच्या उन्हाचा तेवढा तरी फायदा.

आता वडील.

त्यांच्या वाक्यातला एक शब्द तुम्ही लिहिलात खरा, पण ऐकला नाहीत. ते म्हणाले 'चाक' बदलायचो. अहमदाबादचा रस्ता आणि पंधरा मिनिटं यावरून मी पैज लावून सांगते, ते स्कूटरबद्दल बोलत होते. त्या काळच्या स्कूटरला स्टेपनी असायची. पंक्चर झालं की नट सोडायचे, चाक काढून स्टेपनी लावायची आणि निघायचं. पंधरा मिनिटं लागत असतील तर त्यात कुणीतरी चहाही घेतला असणार. पुढे घरी येऊन पंक्चर काढायचं झालं तरी त्या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची, नटबोल्टने जोडलेली. हवा सगळी सोडून नट काढले की रिम उघडायची, टायर हातात. टॉमीचं तिथे कामच नव्हतं. (हवा न सोडताच नट काढणारे महाभागही होते. त्यांच्या गोष्टी दुकानात सांगितल्या जायच्या, पण हसत नाही.)

म्हणजे वडील खोटं बोलले नाहीत आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा कमी ठरला नाहीत. शिवाय स्वतःच्या हिशेबात तुम्ही एक गोष्ट धरलेलीच नाही. चाक सोडवलंत. पुरात गंजून रिमला चिकटलेला जुना टायर उतरवलात. ही मारामारी बसवण्यापेक्षा कमी नसते, आणि पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. टोमणा बसला की माणूस आपलं झालेलं काम मोजायचं विसरतो.

हा स्कूटरचा शोध मात्र वडिलांच्या तोंडावर मारायला जाऊ नका. मला त्यांच्या टोमण्यापेक्षा त्यांची खुर्ची महत्त्वाची वाटते. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस तीन तास अंगणात बसून मुलाचं काम बघतो, मध्येच उठून आत जाऊन टीव्ही लावत नाही. या तीन तासांत तुम्ही एकदा तरी म्हणालात का, 'बाबा, इथे जरा धरता?' पत्रात तसं कुठे दिसत नाही. तुम्ही त्यांना आधीच परीक्षकाच्या खुर्चीत बसवून टाकलं होतं. न बोलावता येऊन हात घालणारा बाप आजकाल कुणाला आवडतो, हे त्यांनाही माहीत असेल. मग उरतं काय, तर तोंड.

आणि या कामाला दुसरं माणूस लागतंच. पलीकडची कड घळीत दाबून धरायला. काका एकटे करायचे, पण त्यांच्या गुडघ्यांना चाळीस वर्षांची सवय होती. तुमच्या वडिलांना या वयात गुडघे टेकायला सांगू नका. पाटावर बसून दोन्ही हातांनी टायर दाबता येतो, आणि कड वर आली की 'निसटली रे!' असं ओरडता येतं. त्यांचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत पोचतो हे आपल्याला माहीतच आहे.

दुकानातल्या ओरखड्यांबद्दल तुमची तक्रार खरी आहे, पण मला एक विचारायचंय. चाक देताना तुम्ही काही सांगितलं होतंत का? पंक्चरवाल्याकडे दिवसभर येणाऱ्या रिम चिखलाने भरलेल्या, गंजलेल्या असतात. ओरखडा पडला तर मालकाला दिसतही नाही. तुम्ही रिम फडक्याने पुसता हे त्याला कुठून कळणार? तुमच्या पत्नी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या माणसाकडे दुपारी जा, गर्दी नसताना. ऑइलच्या प्लास्टिकच्या डब्याचे चार बोटं लांब तुकडे कापून न्या, किंवा जुन्या चामडी पट्ट्याचे. रिमच्या ओठावर ते ठेवून वर टॉमी टेकवायची, असं त्याला सांगा आणि वरचे थोडे पैसे कबूल करा. मग शेजारी उकिडवे बसा. व्हिडिओत हात छान दिसतात, गुडघे मात्र कॅमेऱ्याच्या बाहेर राहतात. त्याचे गुडघे कुठे आहेत ते बघा.

'आपल्यासारख्यांचं काम' हे मला टोचलं. आपल्यासारखे म्हणजे कोण? या शहरात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने करायच्या विद्यांसाठी. दादासाहेब फाळके तिथे शिकले. विद्यापीठाची आजची इंजिनिअरिंगची शाखा तिथूनच वाढली. माझे आजोबा तिथे कापड रंगवायला शिकले. जेवायला बसले तरी नखांत निळा रंग असायचा, असं आजी कौतुकाने सांगायची, आणि तिने त्यांना कधी वेगळ्या पाटावर बसवलं नाही. पण म्हणून टायर आलाच पाहिजे असंही नाही. शिंप्याकडे कापड टाकताना आपण हार मानली असं कुणी म्हणतं का? हा शब्द तुमच्या पत्रात टायरमुळे आलेला नाही, शेजाऱ्यांमुळे आला आहे.

पैसे वाचवणं हे कारण असेल तर आजच सोडून द्या. टॉम्या आणि दोन ट्यूब यांत दुकानाचे पुढच्या कितीतरी वेळचे पैसे गेले. मागचा टायर बदलायची वेळ काही वर्षांनी एकदा येते, तोवर हात विसरून जातो. पंक्चरचं तसं नाही, ते कधीही, कुठेही. आणि ट्यूबच्या गाडीचं पंक्चर काढायला टायरची एकच कड उतरवावी लागते. ट्यूब ओढून काढायची, ठिगळ लावायचं, परत आत सरकवायची. संध्याकाळी सातला केवडियाच्या वाटेवर डभोईच्या पुढे दोघं रस्त्याच्या कडेला उभे असाल तेव्हा उपयोगी पडेल ती ही विद्या. पूर्ण टायर बदलणं त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम आहे. आधी एक कड उतरवायला आणि चढवायला शिका. तेवढ्यावर थांबलात तरी साडेआठशे रुपये वसूल.

पुराचं पाणी हा मुद्दा तुम्ही ओघात सांगून टाकलात. मी तिथे थांबले. गाडी दोन दिवस पाण्यात होती, म्हणजे स्पोकच्या भोकांतून पाणी टायरच्या आत गेलेलं असणार. रिमवर, स्पोकच्या डोक्यांवरून एक रबरी पट्टी फिरवलेली असते, ट्यूबला डोकी टोचू नयेत म्हणून. तुमची ती पट्टी बघितलीत का? कुजली असेल, फाटली असेल, तर तुम्ही किंवा दुनियेतला कुठलाही कारागीर कितीही सफाईने टायर बसवो, थोड्या दिवसांत ट्यूबला रिमच्या बाजूने भोक पडणार आणि पुन्हा तुम्ही स्वतःला दोष देणार. पट्टी स्वस्त असते, नवीच घाला. रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढा, मग पॉलिश पेपर फिरवा, विशेषतः कड बसते त्या जागी. स्पोकचं एखादं टोक वर आलेलं बोटाला लागलं तर कानशीने घासून टाका. गंजाने रिमला चीर किंवा खोल खड्डे पडले असतील तर मात्र नवी रिम घ्या, तिथे माया नको.

चाक बाहेर आहेच, तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली की बदलायचे. पुराचं पाणी ग्रीस धुऊन नेतं आणि मागे बारीक गाळ ठेवून जातं. मागे ड्रम ब्रेक असेल तर आत सुकलेला गाळ असेल. तो कोरडा फुंकू नका, ती धूळ छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसा. पुढचा टायर बदलताना दुकानात हे सगळं बघितलं गेलं होतं का, तेही विचारून घ्या. मला ओरखड्यांपेक्षा त्याची जास्त चिंता वाटते.

आणि सगळ्यात जास्त चिंता वाटते ती एक्सलची, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याची. तुम्ही, वडील, शेजारी, सगळे टायरकडे बघत होता. टायर बसवताना चूक झाली तर बहुतेक वेळा हवा जाते आणि रविवार जातो. चाक परत लावताना झालेली चूक रस्त्यावर कळते. चाक काढताना वॉशर आणि नळ्या ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने ठेवल्या नसतील तर गाडीच्या पुस्तकातलं चित्र समोर धरून लावा. चेन ताणायच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आकड्यावर हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. ड्रम ब्रेकच्या प्लेटला गाडीच्या चौकटीशी बांधून ठेवणारी एक पट्टी असते. ती लावायची राहिली तर पहिल्या जोराच्या ब्रेकला प्लेट फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. नटमध्ये पिन असेल तर जुनी वाकवून पुन्हा वापरू नका. एक्सलचा नट किती आवळायचा याचा आकडा पुस्तकात असतो, आणि तो मोजून आवळणारा पाना आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी असतो. म्हणून माझं सांगणं असं की बाकी सगळं तुम्ही करा, मग गाडी हळू चालवत ओळखीच्या मेकॅनिककडे न्या आणि तो एक नट त्याच्या हातून आवळून घ्या. निघण्याआधी अंगणातच चाक फिरवून ब्रेकचं पेडल दाबून बघा.

गॅलरीतल्या टायरकडेही आता नीट बघा. बाजूला बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा. बाण उलटा बसला तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं, आणि असे रडवेले चेहरे मी पाहिले आहेत. बाजूवरच चार आकड्यांचा एक गट सापडेल. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३२२२ म्हणजे २०२२ सालचा बत्तिसावा आठवडा. ऑनलाइन घेतला असेल तर हे बघितल्याशिवाय चढवू नका. रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यावा; बहुतेक टायरांवर ती हलकी बाजू असते आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे भरून निघतं.

टायर चढला की हवा भरताना कड जागेवर बसते, 'ठप्प' असा आवाज येतो. दोनदा. जुम्मादादांच्या व्यायाममंदिरातले प्रोफेसर माणिकराव हाडं बसवण्यासाठी बडोद्यात प्रसिद्ध होते. आमचे काका हा आवाज आला की म्हणायचे, 'माणिकराव आव्या.' रिमच्या ओठालगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडाली असेल तर हवा सोडा, तिथे पुन्हा साबण लावा, चाक जमिनीवर दोन-चारदा आपटा, पुन्हा भरा. हवेचा दाब ४० पीएसआयच्या वर नेऊन कड बसवायचा हट्ट करू नका, आणि हवा भरताना बोटं कडेपासून लांब. कड बसल्यावर हवा पुस्तकात दिली आहे तेवढ्यावर आणा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. व्हॉल्व्हचा नट रिमवर घट्ट आवळून टाकू नका, सैल ठेवा.

केवडिया. बडोद्याहून नव्वदेक किलोमीटर, मागे बायको, आणि तारीख ठरलेली. नवं काम, नवा टायर, ठरलेली तारीख आणि प्रेक्षक हे चारही एका रविवारी आणू नका. येत्या रविवारी जुना टायर घ्या. हो, तोच झिजलेला. कापलेल्या ट्यूबपैकी कमी कापलेलीला ठिगळ लावून घ्या. रिम साफ करून, नवी पट्टी घालून जुना टायर बसवा, हवा भरा, सोडा, उतरवा. पुन्हा बसवा. तीन वेळा. ट्यूब तिन्ही वेळा हवा धरून राहिली तर नवा टायर तुमच्याच हातून. दुसऱ्यांदाही कापली गेली तर सोमवारी सुटं चाक आणि नवा टायर उचलून त्या कोपऱ्यावरच्या माणसाकडे, प्लास्टिकच्या तुकड्यांसकट. चाक घरी काढायचं, टायर दुकानात चढवायचा, चाक पुन्हा घरी लावायचं, असं बरेच जाणते लोक करतात. यात गाडी तुमच्या हातची राहते आणि वर्षानुवर्षांची सवय लागते ते काम सवय असलेल्याकडे जातं.

काहीही झालं तरी निघायच्या आठ दिवस आधी टायर बसलेला असू द्या. नवा रबर सुरुवातीला निसरडा असतो. पहिले शंभरएक किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका, ब्रेक दाबताना घाई नको. एका सकाळी एकटे डभोईपर्यंत जाऊन या, जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. परतल्यावर हवा मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. हँडल किंवा सीट थरथरली तर चाकाचं संतुलन बघून घ्या. मग पत्नीला घेऊन जा.

हे वाचून ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमच्या गाडीला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर असतील तर वर लिहिलेलं घरी करून बघू नका. ट्यूबलेस रिममध्ये कडेला अडवून धरणारा एक उंचवटा असतो. कड सोडवायलाच शिकंजा लागतो, आणि बसवायला एकदम जोरात हवा सोडणारा कॉम्प्रेसर. पायपंपाने ते होत नाही, आणि अलॉयला टॉमीची चीर पडली तर पुढे हवा गळत राहते. तुम्ही भोकात वात घालून पंक्चर बुजवायची पेटी डिकीत ठेवा आणि ती वापरायला शिका. आजच्या स्कूटरवाल्यांनीही तेच करावं. दोन तुकड्यांच्या रिमचा जमाना गेला, आणि लहान चाकाची कड मोठ्या चाकापेक्षा हट्टी असते.

तर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. अंगणात जुनी चादर, साबणाच्या पाण्याचा डबा, टॉम्या, पावडर. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाट मांडा. पलीकडच्या पाटाबद्दल वडिलांना काही सांगू नका, नुसता मांडून ठेवा. आणि व्हॉल्व्हची पिन काढाल ती लगेच वाटीत टाका. ती घरंगळून गेली की सगळं घर टॉर्च घेऊन ओणवं होतं.